ओढ आणि ओढीचा देखावा

(परदेशी उच्च शिक्षणाविषयी पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती पडले?’ त्या आकड्यावर, किंवा सीईटीच्या पर्सेंटाइलवर, पुढचे सारे ठरते. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मुलाची आवड-निवड विचारली जाते ती फक्त पसंतीक्रमाच्या अर्जात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की जागा आपोआप पक्की होते. तुम्हाला हेच महाविद्यालय का हवे, असे त्या प्रक्रियेत कोणी विचारत नाही. गुण आहेत, तर जागा आहे. ही पद्धत रुक्ष असेल. परंतु सर्वांना समजणारी आहे.

गेल्या काही वर्षांत समाजातील बरीच मुले बारावीनंतरच अमेरिकेत पदवी शिक्षणासाठी जाऊ लागली आहेत. पूर्वी पदवी येथे आणि पदव्युत्तर शिक्षण तेथे, असा क्रम असे. आता सतरा-अठराव्या वर्षीच निर्णय घ्यावा लागतो, आणि तेथील प्रवेशाची रीत येथील पालकांना चक्रावून टाकते. शेकडा पंच्याण्णव गुणांचा मुलगा नाकारला जातो आणि नव्वद गुणांच्या मुलीला बोलावणे येते. ‘काहीतरी वशिला असेल’ असे मग म्हटले जाते. वशिला नसतो असे नाही. देणगीदारांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना काही ठिकाणी झुकते माप मिळते, हे तेथे उघड गुपित आहे. पण पुष्कळदा कारण निराळे असते, आणि ते आजच्या विवेचनाचा विषय आहे. तेथील अनेक महाविद्यालये अर्जदाराची योग्यता जशी पाहतात, तशी त्याला त्या महाविद्यालयाची ओढ किती आहे हेही पाहतात. या ओढीला तेथे ‘डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट’ असे नाव आहे. मराठीत त्याला ‘कृतीतून दाखवलेली ओढ’ म्हणता येईल.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. अमेरिकेतील बहुसंख्य महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एक माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातील ‘सी-७’ या कोष्टकात प्रवेश देताना कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिले जाते, हे नमूद केलेले असते. गुण, अभ्यासक्रमाचा कस, निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत अशा ओळींच्या खाली ‘अर्जदाराच्या आस्थेची पातळी’ अशीही एक ओळ असते, आणि तिच्यापुढे चारपैकी एका रकान्यात खूण केलेली असते : अत्यंत महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतली जाते, विचारात घेतली जात नाही. दुकानात गेल्यावर भावाची पाटी वाचण्याइतके हे सोपे आहे. तरीही हजारो रुपये सल्लागारांना देणारे पालक ही पाटी वाचत नाहीत, याचे नवल वाटते.

आता महाविद्यालयाला अर्जदाराच्या ओढीशी काय कर्तव्य? जागा त्यांच्या, मागणारे हजारो. मग आर्जव त्यांनी का अपेक्षावे? याचे उत्तर व्यापारी माणसाला चटकन समजेल. अमेरिकेत एक विद्यार्थी आठ-दहा, कधी पंधरा ठिकाणी अर्ज करतो. ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ या सामाईक अर्जामुळे ते सुलभ झाले आहे. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत आज हजाराहून अधिक संस्था आहेत आणि एका विद्यार्थ्याला तीतून वीस ठिकाणी अर्ज करता येतो. प्रवेश मात्र त्याला एकाच ठिकाणी घ्यायचा असतो. म्हणजे महाविद्यालयाने ज्यांना होकार कळवला, त्यांतील बरेचजण येणारच नसतात. होकार मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष येणाऱ्यांचे जे प्रमाण, त्यास ‘यील्ड’ म्हणतात. हार्वर्डमध्ये ते शेकडा ऐंशीच्या वर असते. सर्वसाधारण महाविद्यालयात एक-तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते.

समजा, एका महाविद्यालयात १,००० जागा आहेत. चौघांतील एकच येतो असा अनुभव असेल, तर ४,००० जणांना होकार कळवावा लागेल. अंदाज चुकून पंचमांशच आले तर २०० खोल्या रिकाम्या राहतील आणि चार वर्षांचे उत्पन्न बुडेल. उलट तिघांतील एक आला तर तीनशेहून अधिक मुले वसतिगृहाबाहेर उभी राहतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेवर २०१७ साली असाच प्रसंग आला. अपेक्षेपेक्षा सुमारे ८५० विद्यार्थी अधिक आले, आणि सत्र सुरू होण्यास काही आठवडे उरले असताना सुमारे ५०० जणांचे प्रवेश कागदपत्रांतील त्रुटी वगैरे कारणे दाखवून रद्द करण्यात आले. ओरड झाली, विद्यापीठाला क्षमा मागावी लागली आणि बहुतेकांना परत घ्यावे लागले. मोठ्या सरकारी विद्यापीठाची ही स्थिती, तर दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या खासगी महाविद्यालयाला अंदाज चुकणे किती महाग पडत असेल!

म्हणून येणार कोण आणि केवळ चौकशी करून जाणार कोण, हे आधी ओळखण्याची धडपड सुरू होते. कापडाच्या पेढीवर मुरलेला माणूस गिऱ्हाईक थानाला हात कसा लावते यावरून ते घेणार की नाही हे ताडतो. तसाच हा प्रकार. यात प्रतिष्ठेचाही भाग आहे. जितके कमी होकार, तितके महाविद्यालय ‘दुर्लभ’ दिसते. ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या नियतकालिकाच्या क्रमवारीत पूर्वी यील्डला गुण असत. २००३ साली ते काढून टाकण्यात आले. पण सवय गेली नाही. अतिशय हुशार विद्यार्थी आपल्याकडे ‘नाइलाजाचा पर्याय’ म्हणून अर्ज करतो आहे असा संशय आला, तर काही महाविद्यालये त्यालाच वगळतात किंवा प्रतीक्षायादीत टाकतात, असे तेथील शिक्षक-समुपदेशक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पंच्याण्णव गुणांच्या मुलाचे कोडे कधी कधी येथे उलगडते.

तथापि एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर पालक भलत्याच मागे लागतील. ज्यांची नावे येथे सर्वांच्या तोंडी असतात, त्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी या संस्था अशा ओढीची नोंद प्रवेशासाठी विचारात घेत नाहीत. आपल्याकडे यायला कोणाला नको, असे त्यांना वाटते आणि आकडे पाहता ते खोटे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखाही ती मोजत नाहीत; लक्षावधी अर्जांत ते शक्यही नाही. ज्यांना चांगले विद्यार्थी हवे आहेत पण ते आणखी मोठ्या नावामागे निघून जातील अशी धास्ती आहे, अशी मधल्या फळीतील खासगी विद्यापीठे व लहान महाविद्यालये ओढ मोजतात. प्रवेश-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना वेळोवेळी महाविद्यालयांची पाहणी करते. तीत साधारण शेकडा सोळा महाविद्यालयांनी या बाबीस ‘पुष्कळ महत्त्व’ असल्याचे सांगितले आणि आणखी पाव भागाने ‘मध्यम महत्त्व’. म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी ती जवळपास गौण आहे. शिवाय जेथे ती आहे तेथेही गुण व अभ्यास आधी, ओढ नंतर. नापास होणाऱ्याला ती तारत नाही. काठावरच्या दोघांत एक निवडायचा तर ती पारडे झुकवते, इतकेच.

ती मोजतात कशी? महाविद्यालयाला प्रत्यक्ष भेट दिली का, माहितीसत्राला हजेरी लावली का, प्रतिनिधी शाळेत आला असता त्याला भेटला का, ऐच्छिक मुलाखत मागितली का, या सर्वांची नोंद होते. आता ती संगणकावर होते आणि फार बारकाईने होते. पाठवलेली ई-मेल उघडली का, तीतील दुव्यावर बोट ठेवले का, हेसुद्धा कळते. अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१९ साली या पाळतीविषयी सविस्तर वृत्त दिले, तेव्हा तेथील पालकही दचकले होते. त्याआधी सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात विद्यार्थी महाविद्यालयांची नावे ज्या क्रमाने लिहीत, तो क्रम महाविद्यालयांना दिसत असे. पहिले नाव आपले नाही असे पाहून काही ठिकाणी निष्कर्ष काढले जात. अर्जदारांना याची कल्पनाही नसे. टीका झाल्यावर २०१६-१७च्या अर्जापासून सरकारने ती यादी दाखवणे बंद केले. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या नातलगांच्या मुलांना हा अर्ज भरावा लागतो, म्हणून हे सांगितले.

लीहाय विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका निवडक विद्यापीठाच्या प्रवेशाचे आकडे त्यांनी तपासले. संपर्क ठेवणाऱ्याला प्रवेशाची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. पण पत्र-फोनापेक्षा प्रत्यक्ष भेटीचे वजन जास्त, आणि हा फरक अधिक गुणवान अर्जदारांत ठळक. कारण उघड आहे. ज्या कृतीला पदरचा पैसा आणि वेळ लागतो, ती खोटी असण्याचा संभव कमी.

येथेच अन्यायही शिरतो. ज्याच्या वडिलांना विमानाचे तिकीट परवडते त्याची ओढ मोठी आणि ज्याला परवडत नाही त्याची लहान, असे ठरते. या टीकेमुळे बरीच महाविद्यालये आता सांगतात की, लांबच्या विद्यार्थ्याची भेट ते धरत नाहीत किंवा जवळ राहूनही न आलेल्याचीच नोंद घेतात. इचलकरंजीच्या किंवा बार्शीच्या मुलाने बोस्टनला फेरी मारून यावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. २०२०च्या महामारीनंतर संगणकावरील माहितीसत्रे व प्रांगणदर्शन सर्रास झाले. ती विनामूल्य असतात आणि त्यांतील उपस्थिती नोंदली जाते. भारताचा विभाग सांभाळणारा स्वतंत्र अधिकारी बहुतेक ठिकाणी असतो. त्याचे नाव संकेतस्थळावर मिळते आणि पुष्कळदा अर्जाचे पहिले वाचन तोच करतो. मुंबई-पुण्यात राहणारे माजी विद्यार्थीही काही महाविद्यालयांसाठी मुलाखती घेतात. तेव्हा केवळ ‘महाविद्यालय पाहण्यासाठी’ म्हणून सहा-सात लाखांचा कौटुंबिक दौरा काढण्याची गरज नाही. सहल म्हणून जायचे असेल तर अवश्य जावे. ते प्रवेशाच्या खात्यात लिहू नये.

व्यवहाराच्या एक-दोन गोष्टी येथेच उरकू. सर्वत्र एकच ई-मेल पत्ता व पारपत्रातील नाव वापरावे, म्हणजे नोंदी एकाच खात्यावर जमा होतात. पत्रव्यवहार व फोन विद्यार्थ्यानेच करावा. मुलाच्या वतीने वडिलांनी लिहिलेले पत्र ताबडतोब ओळखू येते आणि उलट परिणाम करते. भेटवस्तू, मिठाईचा खोका, शाल यांपैकी काहीही पाठवू नये. येथील आतिथ्याचा भाव तेथे लाचेसारखा वाचला जातो.

आता मूळ मुद्दा. मोजता येते ती ओढीची खूण असते, ओढ नव्हे. आणि खूण मोजली जाते असे एकदा कळले की माणसे खुणा करू लागतात. दहा महाविद्यालयांच्या ई-मेल रोज सकाळी उघडून ठेवणारी मुले आहेत. त्यासाठी माणूस नेमणारे सल्लागार आहेत. ‘तुम्हाला आमचेच महाविद्यालय का हवे?’ या प्रश्नाचे उत्तर पैसे घेऊन लिहून देणारे आहेत, आणि अलीकडे ते काम संगणक फुकटात करू लागला आहे. परिणाम असा की हजारो निबंध एकाच साच्यातून निघतात. रम्य परिसर, नामवंत प्राध्यापक, विविधतेने नटलेला विद्यार्थिवर्ग, आणि शेवटी ‘लहानपणापासूनचे स्वप्न’. महाविद्यालयाचे नाव बदलून तोच निबंध दुसरीकडे पाठवला जातो, आणि घाईत नाव बदलायचे राहूनही जाते. तपासणाऱ्यांना हे प्रसंग नवे नाहीत.

खरी ओढ कशी दिसते, याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे आणि तो एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश हवा होता. १८५० साली केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था. जून महिना संपता संपता त्यांनी महाविद्यालयाचे आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेले अर्जाचे पत्र आज उपलब्ध आहे. त्यात महाविद्यालयाची स्तुती जवळजवळ नाही. स्वदेशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिक्षण हवे, असे त्यांनी लिहिले. स्वकीयांचा व ज्ञातीचा विरोध पत्करून जो निश्चय येथवर घेऊन आला, तो पुढेही उपयोगी पडेल, असे लिहिले. आणि आपले प्रकरण अपवादात्मक आहे, तेव्हा सहानुभूतीने विचार व्हावा, अशी सरळ विनंती केली. अधिष्ठात्या रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. मार्च १८८६मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे वर्षभरातच त्यांचे निधन झाले, ही शोककथा मराठी वाचकांना ठाऊक आहे.

त्या पत्रातून आजच्या विद्यार्थ्याने काय उचलावे? समुद्र ओलांडण्याचे धैर्य प्रत्येकाकडून कोणी मागत नाही. पण ‘तुम्ही थोर आहात’ असे न म्हणता ‘हे काम करायचे आहे आणि ते येथे शिकता येईल’ असे म्हणणे, ही त्या पत्राची रीत आजही तितकीच खरी आहे. वस्त्रोद्योगातील कुटुंबाची मुलगी रंगरसायनांमुळे दूषित होणाऱ्या नदीच्या काठी वाढली असेल, तर तिने महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत रसायन व पर्यावरणाचे विषय एकत्र कसे घेता येतात हे शोधावे, त्या विभागात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत कोणत्या वर्षापासून काम मिळते हे विचारावे. उत्तर संकेतस्थळावर असेल तर तो प्रश्न विचारू नये. नसेल तर निःसंकोच विचारावा. असा प्रश्न विचारणारी मुलगी ओढ ‘दाखवत’ नसते. तिला खरोखर जाणून घ्यायचे असते. दोन्हींतील फरक वाचणाऱ्याला कळतो.

प्रश्न केवळ विद्वत्तेचेच असावेत असेही नाही. चार वर्षे तेथे राहायचे आहे. भोजनगृहात शाकाहारी पदार्थ वेगळ्या भांड्यांत शिजतात का, कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याची सोय कशी होते, सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यावर परदेशी मुले कुठे राहतात, हे विचारण्यात कमीपणा नाही. येथील मुले हे प्रश्न गावंढळ समजून गिळतात आणि मग पहिल्या सत्रात पाव-लोण्यावर दिवस काढतात. ज्याला खरोखर जायचे आहे तोच राहण्या-जेवण्याची चौकशी करतो, हे समोरच्या अधिकाऱ्यालाही समजते.

या सगळ्यांत ओढीची सर्वांत मोठी, किंबहुना एकमेव बंधनकारक खूण म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकाच महाविद्यालयाला अर्ज करून लिहून द्यायचे की, घेतलेत तर येईन आणि इतर सर्व अर्ज मागे घेईन. त्या कराराखाली विद्यार्थी, पालक व शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. काही महाविद्यालये निम्म्याहून अधिक जागा याच वाटेने भरतात आणि या वाटेने होकाराचे प्रमाणही सहसा जास्त असते. व्यापारी भाषेत हा विसार आहे. मात्र रक्कम नव्हे, शब्द विसार म्हणून ठेवायचा असतो. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात निकाल लवकर मिळतो पण बंधन नसते. दोहोंत गल्लत करणारे पालक दरवर्षी भेटतात.

या पद्धतीवर तेथेही वाद आहे. श्रीमंतांनाच ती सोयीची, म्हणून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ साली आपापल्या लवकर-प्रवेशाच्या योजना बंद करण्याचे जाहीर केले होते. इतर बहुतेकांनी अनुकरण केले नाही, तेव्हा २०११ साली त्या बंधन नसलेल्या स्वरूपात पुन्हा सुरू झाल्या. श्रीमंतांना सोयीची का? कारण बंधन घालून घेतलेल्याला दोन ठिकाणच्या आर्थिक मदतीची तुलना करता येत नाही. नामवंत खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा एकूण खर्च २०२४-२५मध्ये अनेक ठिकाणी नव्वद हजार डॉलरच्या पुढे गेला. रुपयांत तो सुमारे पाऊण कोटी, आणि चार वर्षांचा तीन कोटी. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत आर्थिक गरज न पाहता निर्णय देणाऱ्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या. इतर ठिकाणी मदत मागितली की प्रवेश अवघड होतो. दिलेली मदत अपुरी असेल तर करारातून सोडवून घेता येते, हे खरे. पण सही करण्याआधी हिशेब न मांडता, प्रवेश मिळाल्यावर ‘परवडत नाही’ म्हणणे वेगळे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारी गणकयंत्रे असतात. काही ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीही असतात. नसतील तर पत्र लिहून विचारता येते. हे सर्व ऑक्टोबरच्या आत व्हायला हवे.

आणि हिशेबाहून नाजूक प्रश्न निराळाच असतो : ही ओढ कोणाची? सतरा वर्षांच्या मुलाने एका महाविद्यालयाला आयुष्याची चार वर्षे आधीच लिहून द्यायची. ती त्याची निवड असते, की बापाची, की चुलत भाऊ तेथे गेला म्हणून घराची? घरात ठरलेले असते की अर्थशास्त्रच घ्यायचे, पुढे पेढी सांभाळायची आहे. मुलाचा जीव संगीतात किंवा जीवशास्त्रात असतो. तो निबंध अर्थशास्त्राचा लिहितो. वाक्ये बिनचूक असतात, आणि मुलाखतीत तिसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते. कारण पुढचे काही वाचलेलेच नसते. मुलाखत घेणारा हसून निरोप देतो. घरी सांगितले जाते, ‘चांगली झाली’. नकार आला की महाविद्यालयाला दोष दिला जातो. होकार आला तर अधिक अवघड. कारण मग ते नाटक चार वर्षे वठवावे लागते, आणि तेही घरापासून बारा हजार किलोमीटरवर, एकट्याने. पालकांनी सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ पेढी लवकर बंद करून मुलाला विचारावे, ‘तेथे मंगळवारी सकाळी नऊ वाजता तू कोणत्या वर्गात बसलेला असशील?’ ज्याला उत्तर देता येते त्याच्यासाठी नोव्हेंबरची वाट योग्य. ज्याला येत नाही त्याने जानेवारीच्या मुदतीत चार-सहा ठिकाणी सर्वसाधारण अर्ज करावेत. तोपर्यंत त्याला अधिक कळेल. उशिरा ठरवणे हा गुन्हा नव्हे.

दिलेला शब्द मोडला तर काय होते? कायद्याने कोणी खेचत नाही. पण फळ दुसऱ्याला भोगावे लागते. विद्यार्थी करार मोडून दुसरीकडे गेला, म्हणून २०२५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाने त्याच्या शाळेलाच एका वर्षासाठी या पद्धतीतून वगळल्याचे वृत्त आले. शिक्षा पुढच्या तुकडीच्या मुलांना झाली, ज्यांचा काहीच दोष नव्हता. हा न्याय आहे का, असे विचारता येईल, आणि ते विचारलेही गेले. पण भारतातील शाळांनी यातून धडा घ्यावा. एका मुलाच्या सहीवर शाळेची पत उभी असते. व्यापाऱ्याच्या मुलाला पत म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

निर्णय लांबणीवर पडला किंवा नाव प्रतीक्षायादीत आले, तर पुष्कळजण आशा सोडून देतात. वस्तुतः ओढीला खरे वजन येते ते याच टप्प्यावर. मे महिन्यात काही जागा रिकाम्या राहिल्या की महाविद्यालयाला हमखास येणारा विद्यार्थी हवा असतो. अशा वेळी एक पानाचे पत्र लिहावे. अजून येण्याची इच्छा आहे. अर्जानंतर अमुक परीक्षेत अमुक गुण मिळाले. अमुक काम पूर्ण झाले. जागा दिल्यास नक्की येणार असेल, तरच तसे लिहावे, आणि ते एकाच महाविद्यालयाला लिहावे. तीन ठिकाणी ‘तुम्हीच पहिले’ लिहिणारी मुले असतात. पत्र एक पुरे. दर आठवड्याला स्मरणपत्र, ओळखीच्या अनिवासी भारतीयाची शिफारस, आमदारांच्या लेटरहेडवरील विनंती यांनी काही साधत नाही.

शेवटी १ मे. बहुतेक ठिकाणी त्या दिवसापर्यंत अनामत भरून जागा पक्की करायची असते. येथे एक गैरप्रकार सर्रास चालतो. मन ठरत नाही, म्हणून दोन ठिकाणी अनामत भरली जाते; चार-पाचशे डॉलर गेले तर गेले, असा हिशेब असतो. आणि जेथे जायचेच नाही तेथे ऑगस्टपर्यंत कळवलेही जात नाही. त्या अडवलेल्या जागेची वाट पाहणारा कोणी मुलगा प्रतीक्षायादीत असतो. कदाचित छत्रपती संभाजीनगरचा, कदाचित ओहायोचा. जेथे जायचे नाही त्या प्रत्येक महाविद्यालयाला दोन ओळींचे आभाराचे पत्र त्याच आठवड्यात गेले पाहिजे. ते मुलाने स्वतः लिहावे. त्याला दहा मिनिटे लागतात.